वाटणीची पिल्लं

भावांची वाटणी झाली तेव्हा मेंढरं निम्मी निम्मी झाली, घराच्या मधून छातीएवढी भिंत गेली, आणि कुत्र्यांचं असं ठरलं की कुत्रा थोरल्याचा, कुत्री धाकट्याची, आणि कुत्रीला जेवढी पिल्लं होतील त्यातली निम्मी थोरल्याची. निवड आधी थोरल्याची. हातपंप एकच होता. तो भिंतीच्या टोकाला, दोन्ही घरांचा.

त्या थंडीत लांडगे खाली उतरले. थोरल्याचा कुत्रा त्यांनी पहिल्याच दिवशी फाडला आणि मग आठवडाभर मामाच्या घरी आल्यासारखे येत राहिले. थोरल्याची अकरा कोकरं गेली. धाकट्याकडची कुत्री म्हातारी झाली होती. सगळे तिला जुनी म्हणत. तिला सहा पिल्लं झाली, आणि ही तिची शेवटचीच, हे तिच्याकडे बघून कळत होतं.

"तीन तुमची, तीन आमची," धाकटा भावाला म्हणाला.

"आधी आम्ही निवडणार."

"ते ठरलेलंच आहे, दादा."

धाकट्याचं हे असंच होतं. भावासमोर उभा राहिला की त्याची मान आपोआप हलायची. त्याच्या बायकोला सासरी आल्यापासून धाकटी हेच नाव पडलं होतं. ती म्हणायची, "तुमच्या मानेत एकच खिळा ठोकलाय, तोही दादांनी." तो हसायचा आणि मेंढरं घेऊन निघून जायचा.

पिल्लं सात आठवड्यांची झाली होती. सरपणाच्या खोपीत गवत अंथरून धाकटीने त्यांची जागा केली होती. सकाळी मेंढवाडा झाडून, लेंड्यांची घमेली उपसून ती खोपीचं फळकुट बाजूला सारायची, की सहाच्या सहा तिच्या पायांत घोटाळायची. एक दिवस पाचच आली. कवडी नावाची ठिपक्याठिपक्यांची मादी कोपऱ्यात पाठीची कमान करून बसली होती. तिच्यापुढे पिवळा फेस होता. धाकटीने दूध पुढे केलं तर तिने तोंड फिरवलं. दुपारपर्यंत कवडीने चारदा ओकलं आणि मग खालून सुटलं ते रक्ताचंच. खोपीत असा वास भरला की धाकटी, जी व्यालेल्या मेंढ्यांची वार हाताने उचलून टाकायची, ती बाहेर येऊन उभी राहिली.

भिंतीवरून थोरल्याच्या बायकोने, थोरलीने, हे पाहिलं असावं. संध्याकाळी थोरला पोतं घेऊन आला.

"आमची तीन आत्ताच देऊन टाक," तो धाकटीला म्हणाला. "रोग लागायच्या आत."

"दादा, एकत्रच होती सगळी. लागायचं ते लागलं असेल."

"तुला डॉक्टर कुणी केलं?"

धाकटा दावं वळत बसला होता. त्याने वर पाहिलं नाही. थोरल्याने तीन पिल्लं मान धरून उचलली, पोट चाचपलं, तोंड उघडून हिरड्या पाहिल्या, बाजारात वांगी निवडावीत तशी निवडली. सगळ्यात जाड, ढोल्या नावाचा नर, त्याने आधी पोत्यात टाकला. धाकटीकडे कवडी, एक काळा नर, आणि जन्मल्यापासून काडीसारखं राहिलेलं चिपाड एवढी उरली.

दुसऱ्या दिवशी जनावरांच्या दवाखान्यातला कंपाउंडर मेंढरांना लस टोचायला आला. डॉक्टर बदलून गेल्याला सहा महिने झाले होते, नवा आला नव्हता. कंपाउंडरच खुर्चीत बसायचा आणि रागही डॉक्टरसारखाच करायचा. धाकटीने त्याला खोपीत नेलं. तो दारातच थांबला. वासावरूनच म्हणाला, "पार्वो."

"औषध द्या काहीतरी."

"या रोगाला औषध नाही बाई. रोग जाईपर्यंत पिल्लू टिकवायचं, एवढंच. शंभरातली दहा टिकतात. करणारा खमका असला तर निम्मी, जास्तसुद्धा."

त्याने मोटारसायकलच्या पिशवीतून सलाईनच्या तीन बाटल्या काढल्या, ओकारी थांबवायचं इंजेक्शन काढलं, आणि कवडीच्या खांद्यावरची कातडी चिमटीत उचलली. कातडी सोडली तरी तशीच उभी राहिली.

"बघा. अंगातलं पाणी गेलं की अशी तंबूसारखी राहते. या तंबूत सुई घालायची. शिरेत नाही, कातडीखाली. लिंबाएवढा फुगवटा आला की थांबायचं. तीन-चार तासांनी पुन्हा. ओकारी चालू असेल तोवर तोंडाने थेंबसुद्धा नाही, कितीही बघू दे तुमच्याकडे. अंग थंड पडू द्यायचं नाही. गरम पाण्याच्या बाटल्या ठेवा."

"आणि ओकारी थांबल्यावर?"

"मीठ-साखरेचं पाणी. चमच्याने, गालात. घशात ओतलं तर फुप्फुसात जाऊन मरेल, मग म्हणाल पार्वोने मेलं. घाणीवर ब्लीचचं पाणी टाका. आणि इथली चप्पल इथेच. हा रोग चपलेवरून चालतो. जमिनीत वर्षभर राहतो."

जाताना तो भिंतीकडे बघून म्हणाला, "पलीकडे पण आहेत का?"

"तीन आहेत."

"मग त्यांनाही सांगा."

धाकटीने सांगितलं. भिंतीशी उभी राहून, सगळं, सुईपासून ब्लीचपर्यंत. थोरली कपडे वाळत घालत होती. ती म्हणाली, "आमची चांगली खेळतायत. तू तुझी बघ."

तिसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवरून पोतं अलीकडे पडलं. धप्प असा आवाज झाला आणि मग आतून बारीक कण्हणं आलं. धाकटीने पोत्याचं तोंड सोडलं तर तीन पिल्लं रक्ताने आणि घाणीने एकमेकांना चिकटलेली. मधलं मेलेलं होतं. त्याच्या पोटाखाली ढोल्या होता, जिवंत.

"ताई," तिने भिंतीवरून हाक मारली. "हे काय?"

"तुमच्याकडचा रोग तुम्हीच ठेवा," थोरली म्हणाली. तिच्या तोंडाला फडकं बांधलेलं होतं. "आणि पाणी आता तू शेवटी भरायचं. आमचं झालं की. तुझ्या अंगाला वास येतो."

सासू ओसरीवर लोकर विंचरत बसली होती. म्हातारीला दोन्ही घरं सारखी होती, म्हणजे जिथे चूल आधी पेटेल ते तिचं. ती म्हणाली, "ती खोटं बोलत नाहीये गं. वास येतोच. माझं ताट आज तू वाढू नकोस."

त्या दिवसापासून धाकटी खोपीतच राहायला गेली. जुनीला तिने मेंढवाड्याच्या पलीकडे बांधलं होतं. ती दिवसभर रडायची, मग घसा बसला तेव्हा गप्प झाली. धाकटीने खोपीतलं सगळं गवत जाळलं, जमिनीवर ब्लीचचं पाणी ओतलं. तिच्या बोटांच्या पेरांची सालं निघाली. पहिल्यांदा टोचताना सुई कातडीच्या आरपार जाऊन तिच्याच अंगठ्यात घुसली. दहाव्या वेळी ती दुसरीकडे बघत टोचू लागली. पिल्लांच्या अंगावर जागोजागी पाण्याचे फुगे आले, ते हळूहळू खाली सरकून पोटाशी लोंबायचे आणि जिरायचे. ते जिरले की ती पुन्हा सुई घ्यायची.

काळा पहिला गेला. तो मरताना ओरडला, आणि ते ओरडणं पिल्लाचं वाटलंच नाही. मग कवडी. कवडीची ओकारी थांबली होती, ती दोनदा उभीही राहिली. धाकटीने तिला चार चमचे पाणी पाजलं, तिने ते पोटात ठेवलं, आणि धाकटी बाहेर येऊन नवऱ्याला म्हणाली, "कवडी वाचली." परत आत गेली तर कवडीच्या तोंडातून आतड्यांसारखं काहीतरी आलं होतं आणि डोळे उघडे होते.

"पुरून येतो," धाकटा म्हणाला.

"खोल पुरा. चुना टाका वर."

"अगं, कुत्र्याचं पिल्लू आहे."

"खोल पुरा म्हटलं ना."

तो गेला. त्याने दोन हात खड्डा केला, चुना टाकला. धाकट्याला सांगितलेलं काम जमायचं. न सांगितलेलं मात्र त्याने उभ्या आयुष्यात कधी केलं नव्हतं.

पोत्यातून जिवंत आलेली मादी सहाव्या दिवशी गेली. तिचं अंग आधीच गार पडलं होतं. धाकटीने तिला आपल्या पोटाशी, कपड्यांच्या आत धरून ठेवलं होतं. पिल्लू तिच्या अंगावरच शेवटचं हगलं. ती हातपंपावर गेली तर थोरली बादली घेऊन आली.

"मी शेवटी भर म्हटलं होतं."

"ताई, अंग धुवायचंय नुसतं."

"ते तर दिसतंयच."

थोरलीने बादली भरली, मग दुसरी भरली, मग हंडा आणला. हंडा भरून झाल्यावर तिने पंपाची मूठ राख लावून घासली, पुन्हा धुतली, आणि म्हणाली, "हात लावायच्या आधी मुठीवर फडकं धर." धाकटी एवढा वेळ थंडीत उभी होती. पोटावरचं वाळून तडतडायला लागलं होतं. तिने फडकं धरलं.

राहिले ढोल्या आणि चिपाड. ढोल्या लढला. सुई टोचली की चावायचा. चिपाड मात्र पडून राहायचं, टोचलं काय आणि नाही काय, नुसतं तिच्याकडे बघायचं. सातव्या दिवशी ढोल्याची ओकारी थांबली. आठव्या दिवशी त्याने तिच्या बोटाला लागलेलं मीठ-साखरेचं पाणी चाटलं. दहाव्या दिवशी तिने हाडं उकळून त्याचं पाणी केलं, चरबी काढून टाकली, कोमट करून वाटीत ठेवलं. ढोल्या चालत वाटीपर्यंत आला. मागचे पाय फाकत होते, मधे एकदा तो बसला, पुन्हा उठला. तो प्याला आणि चिपाडानेही मान उचलली. धाकटी तिथेच जमिनीवर आडवी झाली आणि दुपारभर झोपली. त्या दहा दिवसांत तिचे गाल बसले होते. धाकटा आत डोकावला आणि तिच्यावर घोंगडं टाकून गेला. ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

पंधराव्या दिवशी कंपाउंडर पुन्हा आला. दोन्ही पिल्लं पाहून त्याने टोपी मागे सारली.

"तुम्हाला दवाखान्यात नोकरीला ठेवायला हवं. पण एक ऐका. ही वाचली म्हणजे रोग संपला असं नाही. महिनाभर यांच्या विष्ठेतून तो पडत राहणार. दुसऱ्या पिल्लांशी गाठ घालायची नाही. महिन्यानंतर आंघोळ घालायची, ब्लीचने जागा धुवायची, मग सोडायचं. आणि या काडीच्या छातीत आवाज बरा नाही. हे पळवू नका."

"पळालं तर?"

"पळता पळता पडेल."

हे बोलणं झालं तेव्हा खोपीत दोघंच होती.

दुसऱ्या दिवशी थोरल्याने दोन मेंढ्या देऊन कुणाकडून तरी दोन पिल्लं आणली. तपकिरी, केसाळ, लाल पट्टे बांधलेली. धाकटीने ती भिंतीवरून पाहिली. थोरली त्यांना मांडीवर घेऊन दूध पाजत होती आणि बोबडं बोलत होती. तिला मूल नव्हतं. धाकटीलाही नव्हतं, पण धाकटीला कुणी बोबडं बोलताना ऐकलं नव्हतं.

मग चौथ्या दिवशी दोघं नवराबायको भिंतीला वळसा घालून आली. सासूही ओसरीवरून उठून आली, कारण वाटणीचं काही असलं की ती साक्षीला हवीच.

"दोन वाचली म्हणे," थोरला म्हणाला. "एक आमचं."

धाकटी चिपाडाला भरवत होती. ती उठली. "तुम्ही पोत्यात घालून परत दिली होती, दादा. भिंतीवरून."

"सांभाळायला दिली होती."

"एक मेलेलं होतं त्यात."

"मग त्याचं काही मागतोय का आम्ही?" थोरला म्हणाला, आणि तो हे गंमत म्हणून बोलत नव्हता.

धाकटीने नवऱ्याकडे पाहिलं. धाकटा खांबाला टेकला होता. "ठरलंय तसं निम्मं त्यांचं होतं," तो म्हणाला. "निवडही त्यांची."

"बोलणं ते बोलणं," सासू म्हणाली. "बापाच्या मढ्यासमोर ठरलंय."

थोरल्याने ढोल्याला उचललं. ढोल्या आता भरला होता, पाय रुंद, छाती गोल. त्याने धाकटीकडे मान वळवून शेपूट हलवली. त्याच्या शेपटीखालच्या केसांत वाळलेली घाण तशीच होती. ती त्याला आज दुपारी पुसणार होती.

सांगायला तिचं तोंड उघडलं. सांगणं अवघड नव्हतं. एक वाक्य होतं. महिनाभर वेगळा ठेवा.

तेवढ्यात थोरली म्हणाली, "तोंड कशाला पाडतेस? काय केलंस असं? पाणीच तर पाजलंस."

धाकटीने तोंड मिटलं.

ती दोघं ढोल्याला घेऊन गेली. धाकटीने खोपी झाडली, ब्लीच कालवलं, ढोल्याची जागा धुतली. चिपाड तिच्या मागे मागे दोन पावलं आलं आणि धापा टाकत बसलं. भिंतीपलीकडून भुंकणं आलं, आधी ढोल्याचं, मग नव्या दोघांचं बारीक. खेळत होती. थोरली हसली. धाकटी ब्लीचमध्ये हात घालून बसून राहिली. पेरांना पुन्हा चिरा पडल्या तरी तिने हात काढला नाही.

दुसऱ्या दिवशी ती पंपावर शेवटी गेली. पलीकडे तिन्ही पिल्लं एकाच परातीत तोंड घालून खात होती. अजूनही सांगता आलं असतं. थोरलीने तिला पाहिलं आणि मुठीकडे बोट दाखवलं. "फडकं," ती म्हणाली. धाकटीने फडकं धरलं, पाणी भरलं, आणि घरी आली. तिसऱ्या दिवशी तिने नवऱ्याला विचारलं, "नवी पिल्लं कशी आहेत हो तिकडची?"

"मजेत आहेत. तुला काय झालं? जेवली नाहीस."

"भूक नाही."

सहाव्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडून तो वास आला.

थोरली दुपारी आली. हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेलं तपकिरी पिल्लू होतं, त्याचा लाल पट्टा सैल होऊन कानांवर आला होता. टॉवेल खालून भिजला होता. तोंडाला फडकं नव्हतं. थोरला तिच्या मागे, भिंतीच्या टोकाशी थांबला.

"दुसरं सकाळी गेलं," थोरली म्हणाली. "हे बघ ना. अंग अजून गरम आहे. तू काय करत होतीस, ती सुई… कशी घालायची ती सुई?"

धाकटीने टॉवेल उघडला. पिल्लाच्या खांद्यावरची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी उभी राहिली.

"तुमच्या अंगणातूनच आला का गं हा रोग?" थोरलीने विचारलं. "तीच जमीन ना आपली. का ढोल्यामुळे?"

धाकटीने टॉवेल पुन्हा गुंडाळला.

"ढोल्या तर चांगला आहे," थोरली म्हणाली. "त्याला काहीच नाही." बोलता बोलता ती थांबली. तिने धाकटीच्या तोंडाकडे पाहिलं. "तुला माहीत होतं?"

धाकटा दाराशी येऊन उभा राहिला होता. सासूने लोकर खाली ठेवली. धाकटी नाही म्हणू शकली असती. कंपाउंडरचं बोलणं दुसऱ्या कुणी ऐकलं नव्हतं.

"हो," ती म्हणाली. "महिनाभर दुसऱ्या पिल्लांत सोडायचं नव्हतं त्याला."

धाकटीला वाटलं, थोरला आता आपल्या अंगावर येईल. तिने पाय रोवले, मार खायची तिची तयारी होती. पण तो वळला. पलीकडे फावडं भिंतीला टेकवलेलं असायचं, ते उचलल्याचा आवाज आला, पात दगडाला घासली. ढोल्याला वाटलं, जेवण आलं. तो आनंदाने भुंकला.

"दादा," धाकटी ओरडली. "दादा, त्याला आता कधीच होणार नाही तो. वीस दिवस बांधून ठेवा नुसता. दादा, मी घेते त्याला. मला द्या." ती धावली. मधे थोरली होती, तिच्या हातात पिल्लू होतं. धाकटीचा खांदा तिला लागला, दोघी भिंतीवर आपटल्या. धाकटीने नवऱ्याकडे पाहिलं. "जा ना हो."

धाकटा एक पाऊल पुढे आला आणि थांबला.

पहिला घाव नीट बसला नाही, हे ढोल्याच्या आवाजावरून सगळ्यांना कळलं. दुसरा बसला. नंतर थोरल्याने आणखी दोन घातले, ते कशासाठी होते कुणास ठाऊक.

मग पलीकडे खड्डा खणायला सुरुवात झाली. फावडं तेच होतं. मेंढवाड्यापलीकडे बांधलेली जुनी उठून उभी राहिली, तिने हवेत नाक वर केलं, आणि पुन्हा बसली. सासू म्हणाली, "चुना आहे का रे त्याच्याकडे?" मग धाकटा आत गेला, चुन्याचं घमेलं उचललं आणि भिंतीला वळसा घालून भावाला देऊन आला.

धाकटी भिंतीशी बसून होती. थोरली तिच्या शेजारी बसली होती. टॉवेलमधलं पिल्लू ओकलं. पिवळा फेस थोरलीच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. तिने तो पुसला नाही.

"तू माझ्यावर सूड घेतलास," थोरली म्हणाली.

"हो."

"मग मेलं तर बरंच वाटेल तुला."

"मला काय वाटेल ते मला माहीत नाही."

खणण्याचा आवाज थांबला. माती लोटल्याचा आवाज आला. धाकटी उठली. खोपीत जाऊन तिने स्टोव्हवर पाणी ठेवलं, अर्धी राहिलेली सलाईनची बाटली आडव्या वाशाला टांगली, सुई उकळायला टाकली. थोरली दारात उभी होती. आत यावं की नाही ते तिला कळत नव्हतं.

"चपला बाहेर काढा," धाकटी म्हणाली.

थोरलीने चपला काढल्या.

"हात धुवा. त्या पाण्याने, ब्लीचच्या. झोंबेल. आता इथे बसा. पिल्लू मांडीवर आडवं. उताणं नाही, ताई, आडवं. खांद्यावरची कातडी धरा. वर ओढा, घाबरू नका, त्याला आता तेवढं दुखत नाही."

थोरलीच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि नाकातूनही, पण हात मोकळा नसल्याने ती पुसू शकत नव्हती. तिने कातडी वर ओढली. धाकटीने उकळत्या पाण्यातून सुई काढली, झटकली, सलाईनच्या नळीला लावली, आणि तिच्या हातात दिली.

"मी?"

"तुम्हीच. माझा हात नाही लागणार याला."

थोरलीने सुई टोचली. ती कातडीच्या आरपार जाऊन तिच्या अंगठ्यात घुसली. ती किंचाळली नाही.

"काढा," धाकटी म्हणाली. "पुन्हा."